माझ्या डोक्यावर बसलेला पाहुणा

मी एक जुना रेडिओ आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. म्हातारपणी माणसे निवळतात म्हणे. मी निवळलेलो नाही. म्हणून ही हकिकत ऐकताना माझ्या बोलण्यात कुठे जळका वास आला, तर तो वायरचा नाही, माझाच आहे असे समजा.

माझे खोके चांगल्या सागवानी लाकडाचे होते. पुढे सोनेरी धाग्याचे कापड, खाली दोन गुबगुबीत बटणे आणि मध्ये काचेमागे सरकणारा लाल काटा. आबारावांनी मला सोलापूरच्या दुकानातून घेतले. टपावर ठेवला तर हादरे बसतील म्हणून एसटीत तालुक्याच्या भूम गावापर्यंत त्यांनी मला मांडीवर घेतले. पुढे आमच्या गावापर्यंत बैलगाडीत, तेही पोत्यावर पोते टाकून. असा मान नवरदेवालासुद्धा मिळत नाही.

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा सरला होता. मी तो पाहिलेला नाही. कोरडवाहू जमिनीवर लोकांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून गावाने दूध संस्था काढली होती आणि आबाराव तिचे चेअरमन होते. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत एका टेबलावर माझी स्थापना झाली. सकाळ-संध्याकाळ लोक चरव्या घेऊन रांगेत उभे राहत. आधी दुधात काचेची नळी सोडून डिग्री बघायची. पाणी निघाले तर सगळ्यांदेखत दूध परत, आणि मग आठवडाभर त्या घरची चेष्टा. दूध चोख निघाले की ते मोठ्या कॅनमध्ये ओतायचे आणि माझ्यासमोर बसायचे. मी बाजारभाव सांगे, हवामान सांगे, बातम्या आणि भजने ऐकवी. मी बोलू लागलो की खोलीत टाचणी पडलेली ऐकू येई. मला वाटे, मी आहे म्हणून गाव आहे.

माझ्या सगळ्या श्रोत्यांत पुतळाबाई माझ्या लाडक्या. त्या बौद्धवाड्यात राहत. संस्थेच्या कर्जातून घेतलेली एक गाय त्यांच्याकडे होती. दूध घातले की त्या रिकामी चरवी पालथी घालून थेट माझ्या शेजारी बसत, कान माझ्या कापडाला लागेल इतक्या जवळ. कुणाशी बोलत नसत. संध्याकाळी त्याच खोलीत अंबादास गुरुजी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घेत. तिथेही पुतळाबाई पाटी मांडीवर घेऊन बसत, पण पाटी कोरीच राही. गावात म्हणत, पुतळाबाई दुष्काळापासून अशाच आहेत. का, ते मला कधी कळले नाही. मी बोलत असताना कुणी बोलत नसे, मग मला कळणार कसे? मी एवढेच समजलो की ही बाई माझ्यावर जीव टाकते.

आणि मग ऐंशी साली तो आला.

विद्यापीठाच्या जीपमधून चंद्रप्रभाताई नावाच्या एक बाई उतरल्या. त्या संशोधन करत होत्या. वय वाढलेल्या माणसांना शिकायला आणि मनावरचा भार हलका करायला यंत्राची मदत होते का, हे त्यांना बघायचे होते. चांगली गोष्ट आहे, मी मनात म्हणालो. यंत्र हवे ना, मग मी आहेच की! मी घसा साफ करून तयार राहिलो. तर ताईंनी पिशवीतून एक काळा, चपटा, मूठ लावलेला टेपरेकॉर्डर काढला आणि टेबलावर जागा नाही म्हणून चक्क माझ्या डोक्यावर ठेवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! मला बंद करून वर रुमाल टाकला होता, तो वेगळाच.

गाव नुसते खुळावले. गुरुजी एक ओळ वाचत, बायका ती टेपरेकॉर्डरसमोर म्हणत, आणि मग तो त्यांचाच आवाज त्यांना परत ऐकवी. स्वतःचा आवाज ऐकून मालनबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला कळेना, यात विशेष ते काय? मी इतकी वर्षे मोठमोठ्या गवयांचे आवाज ऐकवले, आणि या मेल्याला स्वतःचे म्हणून एक वाक्य येत नाही! दुसऱ्याचे बोलणे परत बोलून दाखवणे ही काय विद्या झाली? पण नव्याची नवलाई. वर्गाला येणाऱ्या बायका वाढल्या, आणि मी पाट झालो.

दुसऱ्या आठवड्यात ताईंनी सांगितले, "आता धडा नको. तुमच्या मनातलं बोला. दुष्काळातलं, घरातलं, काहीही. हे सगळं आम्ही विद्यापीठात नेऊन नीट तपासणार आहोत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेक बाई रांगेने येऊन बोलू लागली, अगदी दूध घालायला यावे तशी. मालनबाईंनी लेकाचे लग्न किती थाटात झाले ते सांगितले. बनाबाईंनी तुळजापूरच्या यात्रेत काय काय घेतले ते सांगितले. मध्येच त्यांचा आवाज कापरा झाला, तशा त्या पदराचा बोळा तोंडात धरून उठल्याच. कुणी दुःखाचे अक्षर काढले नाही. पुतळाबाई तर पुढे आल्याच नाहीत. मुक्काम संपत आला तशा ताई गुरुजींना म्हणाल्या, "इथं कुणाला काही दुःखच नाही असं लिहू का मी? पण तोंडं तर तसं सांगत नाहीत."

मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू? तो काळा पाहुणा रिकाम्या हाताने जाणार होता.

शेवटच्या संध्याकाळी ताई वायर गुंडाळत होत्या. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. इतकी वर्षे कान माझ्याजवळ होता, पण तो आवाज मी ओळखला नाही.

"ताई, एक ईचारू का?" पुतळाबाई म्हणाल्या. "बोलताना रडू आलं, तर पानी निघालं म्हनून परत करत्याल का?"

ताईंना अर्थ लागेना. मग मालनबाई पुढे झाल्या. "आवो ताई, दुधात पानी निघालं की दूध परत येतं न्हाय का? तुमी हे तपासनार म्हनलात. मंग आमी समद्या घट्ट तेवढंच बोललो. पुतळाबाईचं परत आलं तर चारचौघीत काय इज्जत ऱ्हाईल तिची?"

ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गुंडाळलेली वायर त्यांनी पुन्हा सोडली. "पुतळाबाई," त्या म्हणाल्या, "मला पाण्यासकटच हवं आहे."

पुतळाबाई बोलू लागल्या. टेपरेकॉर्डर माझ्या डोक्यावर होता, म्हणून त्यांचा एकेक शब्द माझ्या लाकडातून गेला.

"माझी अनसूया. सा वर्साची. दुष्काळात तळ्याच्या कामावर खडी फोडाय जायचे, तिला संगं न्यायचे. त्या दिशी तिला ताप व्हता. लिंबाखाली निजवली. म्हनली, आई, जाऊ नगं. म्या म्हनलं, आलेच. मुकादम हजेरी घेत व्हता. हजेरी चुकली तर दिवस बुडायचा. दुपारी गेले तर ती निजल्यालीच. मला वाटलं, झोप लागली." टेपरेकॉर्डरची चाके फिरत राहिली. "म्या आलेच म्हनले व्हते, ताई."

खोलीतल्या सगळ्या बायका रडत होत्या. ताईंनी हळूच विचारले, "इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुनी ईचारलं न्हाई. त्या साली समद्यांचंच काही ना काही गेलं व्हतं, कुनी कुनाला ईचारावं? म्हून ह्या रेडिओपाशी बसायचे. ह्यो बोलत असला की कुनी बोलाय येत न्हाय. अन् रडलं तरी कुनाला ऐकू जात न्हाय. ह्यो लई चांगला हाय, पर आपलंच सांगत बसतो."

मित्रांनो, माझ्यावर कुणी घाव घातला असता तरी मला इतके लागले नसते. ही माझी लाडकी श्रोती! माझे एकही भजन तिने ऐकले नव्हते.

मग ताईंनी बटण दाबले आणि टेपरेकॉर्डरमधून पुतळाबाईंचा आवाज आला, "माझी अनसूया." पुतळाबाई पुढे झुकल्या. "आलं का तिचं नाव? परत लावा." ताईंनी परत लावले. आणखी परत. माझ्या इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांकडे ज्यांनी असे कधी पाहिले नाही, त्या पुतळाबाई त्या काळ्या पेटीकडे लेकराकडे बघावे तशा बघत होत्या. तेव्हा मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. मला त्याच्यासारखे चपटे व्हायचे नव्हते, काळेही व्हायचे नव्हते. मला फक्त एकदा ऐकायचे होते.

जाताना पुतळाबाईंनी पाटी गुरुजींसमोर धरली. "मला माझं नाव नगं. आधी तिचं काढाय शिकवा."

दुसऱ्या दिवशी जीप गेली, टेपरेकॉर्डर गेला, पुतळाबाईंचा आवाजही त्याच्याबरोबर गेला. संध्याकाळी गुरुजींनी माझ्यावरचा रुमाल काढून मला लावले. डोके मोकळे झाले होते. आता दाखवतोच, असे म्हणून मी सगळा जोर लावून भजन सुरू केले.

पुतळाबाई उठल्या. माझ्यासमोर येऊन त्यांनी बटणावर हात ठेवला.

"थांब रं बाबा जरा," त्या मला म्हणाल्या. "बनाबाईला बोलायचंय."

आणि त्यांनी मला बंद केले. इतकी वर्षे मी गावाशी बोलत होतो, पण माझ्याशी कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ. बायकांना माझ्याकडे तोंड करून बसायची सवय होती, तशाच त्या बसल्या. बनाबाई माझ्या सोनेरी कापडाकडे बघत यात्रेतले खरे काय ते सांगू लागल्या, पाण्यासकट. मी गप्प राहिलो. पुढे दूध घालून झाले की रोज कुणाची तरी पाळी असे, आणि बायका आधी मला बंद करून घेत.

ताईंचे संशोधन पुरे झाले आणि त्याचे पुस्तकही झाले म्हणे. त्यात त्या काळ्या पेटीचे पानभर वर्णन आहे. माझे नाव नाही. मी त्याला अजून माफ केलेले नाही.

आता माझ्या पोटात कोळ्याचे जाळे आहे आणि काटा एकाच जागी अडकला आहे. टेबलावर टीव्ही आला, मी खाली कोपऱ्यात गेलो. पुतळाबाई खूप थकल्या आहेत, पण आल्या की पदराने माझी काच पुसतात. मित्रांनो, जुन्या वस्तू अशा पुसून ठेवाव्यात, अडगळीत फेकू नयेत, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक करा. घरात कुणी रोज यंत्राला कान लावून गप्प बसत असेल, तर त्याला त्या यंत्राची फार आवड आहे असे समजू नका. मी तसेच समजलो होतो. उठा, बटण बंद करा आणि त्याला विचारा. यंत्राला राग येईल. येऊ द्या.