पाचकाची मात्रा

ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात कोणतं एन्झाइम किती घालायचं, हे ठरवणं त्यांचं काम. खाद्याच्या कारखान्यात सगळे त्यांना मात्रेवाले म्हणत. ही पाचक पूड कमी पडली, की खाल्लेलं पुरतं पचत नाही, शेडमधला भुसा ओला होतो, पिल्लांचे तळपाय सोलवटतात. मात्रेवाल्यांचा हात सहसा चुकत नसे.

मग बायकोच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तरी ती सगळी काढता आली नाही. डॉक्टर म्हणाले, "अन्न पचवणारा रस आता यांच्या अंगात तयार होत नाही. जेवणाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल द्यायची."

रिक्षात बसल्यावर ती हसली. "म्हणजे मी आणि तुमच्या कोंबड्या आता एकाच माळेचे मणी."

हे तर आपल्या हातातलं काम, असं त्यांना वाटलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. ती जेवायला बसली की ते कॅप्सूल घेऊन समोर उभे राहत. पहिल्या घासाबरोबर एक, मध्येच दुसरी. दर रविवारी वजन. काटा खालीच सरकत गेला. डॉक्टरांना विचारून त्यांनी मात्रा वाढवली. तरी काटा सरकतच राहिला.

"आणखी दोन घास."

"नाही जात हो."

"न जायला काय झालं? कॅप्सूल घेतलीस ना?"

एका रविवारी ती काट्यावर चढलीच नाही. पलंगाच्या कडेला बसून राहिली.

"तुमचं चुकलेलं नाही काही," ती म्हणाली. "पण मी खाते आणि तुम्ही पहारा देता. माझ्या शेजारी बसून शेवटचं कधी जेवलात, आठवतंय?"

त्यांना आठवेना. ते मोरीत गेले, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मग काटा उचलून शेजारच्या वहिनींना देऊन टाकला. परत येऊन त्यांनी मऊ भात केला, दोन ताटं घेतली. ते तिच्या शेजारी बसून जेवू लागले. तिने चार घास खाल्ले आणि म्हणाली, "मीठ विसरलात. कोंबड्यांचं बरं आठवतं."

त्यानंतर ते तसेच जेवत राहिले. तिचं खाणं पुढे चमच्या-दोन चमच्यांवर आलं, मग थांबलं. तरी तिच्या आग्रहाने ते पलंगापाशीच ताट घेऊन बसत. एका दुपारी "आणखी घ्या ना" म्हणून तिने डोळे मिटले. ते हळूहळू जेवत होते. तिचा श्वास कधी थांबला, ते त्यांना कळलंही नाही.

काही दिवसांनी कॅप्सूलच्या न उघडलेल्या डब्या घेऊन ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्या तपासल्या आणि बाहेर बसलेल्या एका जोडप्याला दिल्या. नवऱ्याचं स्वादुपिंडाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मात्रेवाल्यांनी त्या बाईला सगळं समजावलं: आधी नाही, नंतर नाही, घासाबरोबर.

"याने वजन वाढेल ना?" तिने विचारलं.

"काहींचं वाढतं," ते म्हणाले. मग डब्यांची रिकामी पिशवी घडी करत राहिले. ती बाई वाट पाहत उभी राहिली, मग तिने त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.