तक्रार नसलेली घरं

ऑफिसात सगळे ज्याला वेधशाळा म्हणत, त्याने तोंडावर रुमाल धरून स्वतःच्याच कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला. जिन्यात उभं राहून, आवाज जाड करून.

"पलंग डोक्याकडून वर जात नाहीये."

"कोणाच्या नावावर?"

त्याने आत्याचं नाव सांगितलं. पलीकडची टकटक थांबली.

"परवा पायाकडून खाली येत नव्हता," तक्रारवाली म्हणाली. "त्याआधी मध्येच कुरकुरत होता. पलंग आहे की सासरा?"

"मशीन आहे, बाई. बिघडतं."

"आणि सर्दी झालीय का तुला, वेधशाळा? काचेतून दिसतोयस मला. रुमाल तरी धुतलेला घ्यायचास."

त्याने रुमाल खाली घेतला. काचेच्या दारापलीकडे, स्वतःच्या टेबलाशी बसून ती हात हलवत होती.

"नोंदव ना," तो साध्या आवाजात म्हणाला.

"नोंदवते रे. पण ऐक, इतक्या तक्रारी झाल्या की मग..."

जिन्याच्या वळणावर साहेबांचे बूट दिसले. त्याने फोन कापला.

कंपनी रुग्णांचे पलंग, चाकांच्या खुर्च्या आणि वॉकर महिन्याच्या वर्गणीवर भाड्याने देत असे. किती ऑर्डरी आल्या, किती चालू आहेत, एक ऑर्डर सरासरी किती टिकते, हे आकडे सांभाळणं त्याचं काम. सुरुवातीला त्याचे अंदाज हवामानखात्याच्या तोडीचे असत. त्याने छत्री म्हटलं की लोक गॉगल शोधत. त्यावरून वेधशाळा हे नाव पडलं. पुढे अंदाज खरे व्हायला लागले. नाव राहिलं, हसणं तेवढं बंद झालं.

पलंग परत करताना ॲप कारण विचारायचं आणि उत्तराला एकच पर्याय द्यायचं: 'गरज संपली.' साहेबांना तो सभ्य वाटे. त्या दोन शब्दांत बरे झालेले आणि गेलेले गुण्यागोविंदाने नांदत होते. कोणती गरज कधी संपणार, ते मात्र आधी कळत नसे. मग एका दुपारी, जेवण जड झालेलं असताना, वेधशाळेला ते सापडलं. ज्या घरातून तक्रारी येतात, तिथला पलंग टिकतो. गादी टोचते, रिमोट चालत नाही, चाक वाकडं आहे, अशी भुणभुण चालू असेपर्यंत काळजी नाही. भुणभुण थांबली की थोड्याच दिवसांत पलंग परत.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि अशा घरांची नावं पडद्यावर लाल करायला सांगितली. लाल नाव दिसलं की गाडी आधीच त्या गल्लीत जाऊन उभी राहायची. रिकामी खेप वाचायची. पहिल्या दिवशी एका घरातल्या लोकांनी पलंग न्यायला आलेल्या फिटरला शिव्या घालून हाकललं. दुसऱ्या सकाळी त्याच घरातून अतिशय नम्र फोन आला. तेव्हापासून गाडी गल्लीत शिरली की खिडक्यांत माणसं दिसायची. काही घरांतून अचानक फार जोरात भांडल्याचे आवाज यायचे.

गेल्या आठवड्यात आत्याचं नाव लाल झालं.

"साहेब, ही माझी आत्या आहे," तो म्हणाला होता. "तिनेच वाढवलंय मला. घरात आम्ही दोघंच."

"अरे, माझेही सासरे आहेत यादीत," साहेब म्हणाले. "आकड्यात नाती आणली की आकडा बसतो सोफ्यावर पाय पसरून. कामाला उठत नाही."

म्हणून तो रुमाल.

घरी गेल्यावर त्याने आत्यासाठी चहा केला. मुद्दाम पाणचट केला, साखर विसरला, आणि कपाचा कान तुटलेला होता तोच कप घेतला. ही बाई जन्मभर कुरकुरत आली होती. दुकानदार तिला पाहून वजनात आपण होऊन भर घालत. डॉक्टर तिला तपासायच्या आधीच माफी मागत. तो परीक्षेत पहिला आला तेव्हा तिने विचारलं होतं, वर्गात बाकीचे मेलेत का सगळे?

आत्या दोन घोट प्यायली.

"कसा झालाय?"

"छान झालाय."

त्याने पडदा बाजूला ओढून ऊन थेट तिच्या डोळ्यांवर घेतलं. तिने डोळे मिटले.

"आत्या, ऊन लागतंय ना? बोल की. घाल शिव्या."

"असू दे रे बाळा."

तिने त्याला आजवर गाढवापासून गव्यापर्यंत सगळं म्हटलं होतं. बाळा कधीच नाही. तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून तसाच उभा राहिला.

बेल वाजली. दारात फिटर होता. कपातीत ड्रायव्हरला काढल्यापासून गाडीही तोच चालवायचा. त्याने पलंग वर केला, खाली केला, कान लावून ऐकला.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण तक्रारी फार झाल्या. आता दुरुस्ती नाही, थेट बदली. नवा आणलाय खाली. आजींना जरा खुर्चीत घ्या."

"बदली नको. राहू दे हाच."

"ऑर्डर निघालीय, भाऊ. सिस्टमपुढे तुमचं चालत नाही, माझं काय चालणार?"

दोघांनी मिळून आत्याला खुर्चीत बसवलं. ती इतकी हलकी लागली की फिटरने आधी खुर्चीकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. जुना पलंग सुटा होऊन जिन्यावरून गेला, नवा सुटा वर आला. जुनी ऑर्डर बंद करायला फिटरने फोन पुढे केला. कारण एकच होतं. वेधशाळेने त्यावर बोट ठेवलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"अरे, आत्ता पडद्यावर आलं! ज्या दिवसाचा अंदाज होता त्याच दिवशी बंद झाली ऑर्डर. तुझं सूत्र म्हणजे..." साहेब थांबले. आवाज खाली आला. "सॉरी हं. लक्षातच आलं नाही. उद्या येऊ नकोस."

"साहेब, आत्या आहे. इथेच आहे."

"असतातच रे," साहेब हळुवारपणे म्हणाले. "आपली माणसं कुठे जातात?"

त्याने फोन ठेवला. खुर्चीत आत्या एका बाजूला कलली होती. त्याने धावत जाऊन तिला खांदा दिला.

"लवकर जोडा हो."

"जोडतो, पण आधी नाव टाका," फिटर म्हणाला. "नावाशिवाय माल गाडीतून उतरल्याचं ॲप धरत नाही. आजींचं घेत नाहीये. बघा, गरज संपलेल्या माणसाला पुन्हा गरज पडत नाही म्हणतंय."

तो नियम वेधशाळेनेच घातला होता. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून.

"दुसरं कोण आहे घरात?"

आत्याचं डोकं त्याच्या खांद्यावर जड झालं होतं. श्वास लागला होता, तोही मध्येच विसरल्यासारखा. त्याने मोकळ्या हाताने फोन घेतला. रुग्णाचं नाव, तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलं. वय लिहिलं. खाली पडद्यावर एक हिरवं फूल उमललं आणि अभिनंदन झालं.

फिटरने झपाझप सांगाडा उभा केला, गादी टाकली. दोघांनी आत्याला उचलून झोपवलं. तिची छाती सावकाश वर झाली, खाली गेली. मग तिने डोळे उघडले, कूस बदलली आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय आणलंय रे, गाढवा? गादीत काय खडे भरलेत? आणि मघाचा तो चहा. जनावरं पिणार नाहीत."

वेधशाळा मोठ्याने हसला. हसताना त्याचे डोळे भरले, ते त्याने त्याच रुमालाने पुसले. "अजून बोल," तो म्हणाला. "बोलत राहा."

"पडदा कोणी ओढला? डोळे फोडायचेत का माझे? मेल्यांना कामं नकोत."

ती सुटलीच. उशी, पंखा, शेजारीण, त्याचं न झालेलं लग्न, फिटरचे बूट. फिटर खाली बसून पलंगाचे बोल्ट पाहत होता. माणूस झोपल्यावर, वजन पडलं की पान्याचा शेवटचा पीळ द्यायचा असतो. त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने निरोप वाचला, त्यातलं लाल नाव परत वाचलं.

"काय झालं?"

"काही नाही. पुढची खेप रद्द केली. गाडी इथेच लावून थांब म्हणतायत." त्याने मान वर केली. "तुम्हाला काही होतंय का हो, भाऊ? दुखतं खुपतं काही?"

"मला? मला काय धाड भरलीय? माझी काही तक्रार नाही."

आत्या अजून बोलतच होती, पण त्याला ती जरा लांबून ऐकू आली. फिटरने फोन खिशात ठेवला आणि हातातल्या पान्याकडे पाहिलं. बोल्टला त्याने बोटांनीच एक वेढा दिला आणि उठला.

"घट्ट नाही करणार?" वेधशाळेने विचारलं.

"करतो की," फिटर म्हणाला, आणि पाना पिशवीत टाकून जिन्यात जाऊन बसला.