जानेवारीचा हिरवा पट्टा

शहाद्याच्या बसस्टँडवर रंजिता उतरली तेव्हा तिच्या हातातली कपड्यांची बॅग लहान होती आणि पायाशी ठेवलेली पेटी मोठी. धाकटा भाऊ नवल मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. त्याने पेटी उचलून पाहिली आणि नाक मुरडलं.

"ताई, भजनमा वाजाडाले पेटी लई उनी का?"

"धूर हुंगनारी पेटी शे. नीट धर."

"धूर हुंगाले इतली दूर उनी? तुन्हा तठे धूर नही मिळत?"

"तठला नको. आपला पायजे."

नवल हसला, पण पुढे काही विचारलं नाही. बहीण गेली तीसेक वर्षं समुद्राचं काहीतरी करते एवढं त्याला माहीत होतं, आणि ते काहीतरी विचारायला गेलं की उत्तर लांबतं हेही माहीत होतं. गावी, कळसाडीत, तिला 'दर्यावाली' म्हणत. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तापीपेक्षा मोठं पाणी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि या पोरीने नेमका समुद्रच धरला, ही थट्टा आता शिळी झाली होती.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. मागे बसलेल्या रंजिताचे डोळे मिटत होते. प्रवासाचा शीण होताच, पण हल्ली ती झोपेतून उठायची तेव्हाही दमलेलीच असायची.

"आपला ऊस कधी पेटाडशी?" तिने विचारलं.

"उद्या, दिन बुडता. परवा तोडले टोळी येई."

"माले तठे उभं ऱ्हानं शे."

नवलने मान मागे वळवली. ऊस पेटताना पाहायला हौसेने येणारं माणूस त्याने अजून पाहिलं नव्हतं.

रंजिताने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर, आणि पहिल्याच सफरीत जहाजाचा कठडा धरून ती परतेपर्यंत ओकत राहिली. पुढे सरकारी संस्थेत नोकरी लागली ती उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांवर काम करण्याची. तिला हायसं वाटलं होतं. वरून पाहिलं की समुद्र हलत नाही.

समुद्राचा रंग मोजणं हे तिचं काम. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्या उजेडातला निळा रंग गिळतात आणि पाणी हिरव्याकडे झुकतं. उपग्रहाला निळा कमी दिसला की गणित सांगतं, इथे वनस्पती आहेत. त्या आहेत तिथे त्यांना खाणारे जीव असतात, आणि त्यांच्या मागोमाग मासा. ऐकायला सोपं होतं. ढग वजा करा, धुकं वजा करा, लाटांवरची उन्हाची चकाकी वजा करा, असं करता करता तिचे डोळे अधू झाले आणि वय सत्तावन्न झालं.

एवढ्या वर्षांत तिच्या नावावर एकच मोठी गोष्ट जमा होती. सुरतेच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात दर जानेवारीत एक हिरवा पट्टा उमटतो, हे तिने शोधून काढलं होतं. संस्थेत त्याला 'मॅडमचा पट्टा' म्हणत. मासा कुठे मिळेल हे सांगणारा जो नकाशा मच्छीमारांना रोज पाठवला जातो, त्यात आतापर्यंत चाचणी म्हणून दाखवला जाणारा हा पट्टा आता कायमचा घेतला जाणार होता. शुक्रवारी बैठक होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तिने काही केलं नसतं तरी चाललं असतं.

पण गेल्या हिवाळ्यात बंदरावरच्या एका सभेत उंबरगावकडचा एक नाववाला उठून म्हणाला होता, "बाई, तुमच्या हिरव्यात मासा का नाही? आम्ही डिझेल जाळत जातो आणि जाळं धुऊन परत येतो." सभा हसली. रंजिताने वारा, प्रवाह असं काहीबाही उत्तर दिलं. तो प्रश्न मात्र मानगुटीवर बसला तो उतरेना.

निळा रंग धूरही गिळतो. पिवळट तपकिरी धुराचा पातळ थर समुद्रावर पसरला तर खालचा निळा उपग्रहाला कमी दिसतो, आणि धूरच वनस्पती म्हणून मोजला जातो. ही शंका तिने पूर्वी पट्ट्यावरच्या आपल्या शोधनिबंधात स्वतःच काढली होती आणि स्वतःच मिटवली होती. आगी टिपणाऱ्या उपग्रहांचे नकाशे तिने तपासले, तेव्हा तापीच्या खोऱ्यात हिवाळ्यात आगीचे ठिपके जवळजवळ नव्हतेच. 'या खोऱ्यात आगी नगण्य आहेत,' असं तिने लिहिलं आणि परीक्षकांनी मान डोलावली.

ते उपग्रह इथून जातात भर दुपारी आणि पुन्हा मध्यरात्र उलटल्यावर. ऊस पेटवतात तो दिवस बुडताना, वारा पडल्यावर. उसाचा पाला, म्हणजे पाचट, वाळून कडक झालेला असतो, घटकाभरात सगळा खेळ आटोपतो. उपग्रह येतो तेव्हा आग लागलेलीच नसते, किंवा विझून गेलेली असते. दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाला हे ठाऊक नसतं तर एक वेळ चाललं असतं. उसाच्या बांधावर वाढलेल्या मुलीने नकाशावर विश्वास ठेवावा आणि आपल्या गावात आग नसते असं लिहावं, याला काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं. गावाला कधीकाळी येणाऱ्या पाहुणीसारखी ती दिवाळीत येऊन जात होती. ऊस पेटतो तो नंतर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेटी घेऊन निघाली तेव्हा आई, कौसाबाई, ओट्यावरून ओरडली, "रंजू, लोकं सुट्टीमा देवले जातस. तू राख खावाले निंघनी. तोंडले फडकं तरी बांध."

शेतात नवलने उसाच्या चारी बाजूंच्या कडेच्या ओळी तोडून जमीन साफ करून ठेवली होती, म्हणजे आग शेजाऱ्याच्या उसात जाऊ नये. पाण्याचा टँकर जोडलेला ट्रॅक्टर बांधाला उभा होता. टोळीचा मुकादम वाहरू हा धडगावकडचा, डोंगरातला. तो चिमूटभर माती हवेत सोडून बघत होता. माती तिरकी जात होती तोवर तो कुणाला काडी ओढू देईना.

"न पेटाडता तोडता येत नही का रे दादा?" रंजिताने विचारलं.

वाहरूने तिच्याकडे निरखून पाहिलं. "हिरवा उसमा शिरीसन देख, बाई. पान करवतनागत कापस. खाले साप ऱ्हास, मांगे बिबट्या ऱ्हास. पेटाडा म्हंजे समदं पळी जास."

"अन साहेब लोकं?" नवल म्हणाला.

"त्या बी पळतस," वाहरू म्हणाला, आणि सगळे हसले.

मग माती सरळ खाली पडली. नवलने काठीच्या टोकाला पाचटाचा जुडगा बांधून पेटवला आणि कडेने चालत टेकवत गेला. आधी नुसता चरचराट झाला. मग एकदम भिंतीसारखी आग उभी राहिली आणि हजार माणसं काटक्या मोडताहेत असा आवाज होऊ लागला. रंजिता मागे सरली. धूर सरळ वर चढला, पांढरा नव्हे, काळाही नव्हे, जुन्या काविळीच्या डोळ्यासारखा. वर गेल्यावर त्याने मान टाकली आणि तो आडवा होऊन तापीकडे झुकला. दूर आणखी दोन ठिकाणी तसेच खांब उभे होते.

शाळेत असताना सकाळच्या एसटीतून नदीवर पसरलेली ही गोधडी तिने शेकडो वेळा पाहिली होती. तेव्हा तिला वाटायचं, हे थंडीचं धुकं.

सकाळी नवल तिला सारंगखेड्याच्या पुलावर घेऊन गेला. नदीवर धुराचा थर बसलेला होता, वरून चपटा, जणू कुणी हाताने सारवलेला. पूर्वेचा हलका वारा त्याला हळूहळू पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या दिशेने लोटत होता. रंजिताने पेटी पुलाच्या कठड्याजवळ ठेवून चालू केली. आत एक लहान पंप हवा ओढून पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर सोडत होता. पट्टीवर धुराचा डाग पडला की पेटी त्याच्यावर एकेका रंगाचा उजेड टाकी आणि कोणता रंग किती गिळला गेला ते सांगे. डाग काळा आला तर सगळे रंग सारखेच गिळले जातील, आणि तिचा पट्टा बऱ्यापैकी वाचेल. तपकिरी आला तर निळाच जास्त गिळला जाईल, आणि तिचं गणित फसलं.

ऊन चढलं. ट्रकवाले हॉर्न वाजवत, वळून बघत जात होते. नवलने थर्मासमधला चहा ओतला.

"ताई, पास का नापास?"

तिने पेटीचं झाकण उघडलं. डाग तपकिरी होता, चहाच्या गाळणीला पडतो तसा. तिने आकडे पाहिले. तांबड्याच्या मानाने निळा कितीतरी पट गिळला गेला होता.

"नापास," ती म्हणाली.

"कोण, पेटी?"

"मी."

नवलने कपातला चहा संपवला. मग त्याने हळूच विचारलं, "हाई समदं तू लिखशी? गावनं नाव घालीसन?"

"खोरानं नाव येई. गावनं नही."

"खोरं म्हंजे आम्हीच ना!" त्याचा आवाज चढला. "उद्या कोनी साहेब येई, सांगी, ऊस पेटाडू नका. टोळी म्हनी, हिरवा उसमा आम्ही जात नही. मंग मी काय करू? तीस वरीस तू दर्या देखस, अन शेवट दोष आम्हना?"

"दोष तुम्हना नही. तुम्ही पेटाडतस ते समदा गावले दखास. माले दखावाले पायजे व्हतं. मन्हा शे दोष."

 नवलने कप नदीत विसळल्यासारखा हवेत झटकला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

दुपारी उपग्रह जाऊन गेल्यावर तिच्या विभागाचा प्रमुख नवनीत याने त्या दिवसाचं चित्र मोबाईलवर पाठवलं. तिच्याहून बारा-एक वर्षांनी लहान, एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेला माणूस. रंजिता ओट्यावर बसून चित्र मोठं करून पाहत राहिली. पट्टा होता. धुराचा थर जिथपर्यंत गेला असावा तिथे तो दाट होता, पण त्याच्याही पुढे, धूर पोचणार नाही अशा पाण्यात, एक फिकट हिरवी छटा होती. ती खरी असू शकत होती. तिने फोन लावला.

"नवनीत, यात धूर आहे."

"किती, मॅडम?"

"ते माहीत नाही. अर्धा असेल, जास्तही असेल. सगळा नाही."

"सगळा नाही ना? मग अडचण काय?" त्याच्या आवाजात सुटका होती. "शुक्रवारी मंजुरी होऊ द्या. खाली टीप देऊ, आकडे तात्पुरते आहेत म्हणून. सुधारणा मागाहून होत राहील. तुमच्या नावावर ही एक गोष्ट पक्की होऊन जाऊ दे, मॅडम. तुम्ही कमावलंय ते."

 तो तिच्या भल्याचंच बोलत होता, आणि तिला खरोखर थकवा आला होता. हो म्हणणं म्हणजे नुसता एक शब्द होता, तोही फोनवर.

"टीप कोण वाचतं?" ती शेवटी म्हणाली. "नाववाला रंग बघतो. हिरवं दिसलं की डिझेल भरतो. नकाशातून काढा तो भाग."

"काढून तिथे काय दाखवायचं?"

"पांढरं. माहिती नाही म्हणून पांढरं."

"मॅडम, एकोणीस हिवाळ्यांचे आकडे आहेत. ते सगळे पुन्हा काढणार कोण?"

"मी करते. होतील तेवढे."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मान दुखत होती, घशात राख होती. एकोणीस हिवाळ्यांतून धूर वजा करायचा तर आधी धूर नीट कळायला हवा. एका शेताच्या धुराने ते व्हायचं नाही. ओल्या पाचटाचा वेगळा असेल, तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा वेगळा, थंडी जास्त असलेल्या दिवसाचा वेगळा. शुक्रवारच्या बैठकीला तिने येणार नाही असं कळवलं आणि सुट्टी वाढवून मागितली.

नवल शेतातून आला तो अंगभर काळा होऊन. तोड सुरू झाली होती. त्याने ओट्याच्या कडेला बसून पाय धुतले. 

"साहेबले फोन करा का?" त्याने विचारलं.

"करा. मन्हा पट्टा काढाले सांगं."

"मंग आते काय करशी?"

"परत पहिलापासून." तिने डोळे चोळले, तसे ते आणखीच चुरचुरले. "उद्या कोना ऊस पेटाडतस?"

नवलने तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे, मग कपाळाला हात लावला.

"भूपेशना," तो म्हणाला. "पन त्यानं शेत नदीनं पार शे. मोटारसायकल जात नही. पायी जानं पडी."

"जाऊ," रंजिता म्हणाली, आणि उठण्याआधी थोडा वेळ तशीच भिंतीला टेकून बसली.