उत्तराआधी

...बटण दाबलं की काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. गुलबर्ग्यापासून खिशात नरसिंगचा अंगठा हेच करत होता. स्टॉपवॉच त्याचं नव्हतं. कॉलेजच्या खेळाच्या मास्तरांचं, शिवय्यांचं होतं, पळणाऱ्या पोरांसाठी घेतलेलं. नरसिंगनं ते गप्प बसणाऱ्या पोरांवर धरलं म्हणून शिवय्या पोट धरून हसले होते. हसा म्हणावं. त्याचं सगळं संशोधन त्या गप्प बसण्यातच होतं, आणि त्याला आज अनुदान मंजूर झालं होतं. मग शेजारच्या प्रवाशानं कामाचं विचारल्यावर दवाखान्यात गेलो होतो असं का सांगितलं आपण?

हुमनाबादला बस थांबली. लॉऱ्यांची धूळ, खिडकीशी चहावाला. चहा घेतला. नागू आठवत होती—मन्नाएखेळ्ळीची, त्याच्याच बौद्धवस्तीतली, तिसरीत शिकणारी. तिला त्यानं सोप्यात सोपा प्रश्न विचारला होता, तहान लागली तर काय करशील? शेंबडं पोरही सांगेल. गावातली पोरं तर प्रश्न संपायच्या आत सांगून मोकळी व्हायची. नागूनं आधी दाराकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे, मग नरसिंगच्या बुटांकडे... काटा फिरत राहिला. फार वेळानं ती म्हणाली, "तुमी म्हणताल तसं, सर."

पुस्तकांत याला मंद म्हणतात. मंद! अरे, तेवढ्या वेळात त्या पोरीनं काय काय ताडून पाहिलं असेल—विचारतोय कोण, ऐकतंय कोण, पाणी कुणाच्या घागरीतलं, चुकलं तर हात कोण उगारणार—ते समजायला बंगलोरच्या विद्वानांना हा जन्म पुरायचा नाही. हेच त्यानं अर्जात लिहिलं होतं. अर्थात सभ्य इंग्रजीत.

गुलबर्ग्यात अनुदान समितीच्या अध्यक्षांनी अर्ज नीट वाचला होता, हेही खरं. माणूस गोड. गाव कुठलं, घरी कोण, सगळं विचारलं. विषय नवा आहे, कष्ट दिसतात, म्हणाले. फक्त एवढं करा—ते मुलांच्या सावधपणाचं वगैरे काढून टाका, ते सिद्ध कसं करणार तुम्ही? 'वस्तीतील मुलांचे बुद्धिमांद्य' असं नाव द्या, आत्ता सही करतो. तुमची तात्पुरती नोकरी जूनमध्येच संपतेय ना?

नरसिंगनं दाराकडे पाहिलं. मग अध्यक्षांच्या बुटांकडे—चकचकीत बूट, एकाची नाडी सुटलेली. खिशातलं बटण कधी दाबलं गेलं कोण जाणे, टिकटिक त्याला एकट्याला ऐकू येत होती...

"आपण म्हणाल तसं, सर."

सही झाली. त्यांनी हात मिळवला. आणि मी? मी हसलो. दात दाखवून हसलो, आभार मानले, बाहेर आल्यावर त्यांच्या शिपायालाही नमस्कार केला... कशाला? लाज वाटायला हवी होती तेव्हा वाटली नाही, आणि आता फाट्यावर उतरून वस्तीकडे चालताना ती पायांत येत होती.

चांगुणाबाई दारात तूर पाखडत बसली होती. मुलाकडे पाहून तिचे हात सावकाश झाले. "तोंड कामून उतरलंय रं?"

त्यानं सगळं सांगितलं. अनुदान मिळालं, तीन वर्षांची सोय झाली. पण आपल्या वस्तीतली पोरं मंद आहेत असं आधीच कबूल करून यावं लागलं. बोलता बोलता त्याचा आवाज उगाच चढला. "बरं केलं न्हवं मी, माय?"

सूप थांबलं. तिनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. घाईत ते काढायचे राहून गेले होते. खिशातल्या अंगठ्यानं सवयीनं बटण दाबलं.

"तू म्हणशील तसं, बाबा."

सूप पुन्हा चालू झालं... आणि त्याला शाळेची पायरी दिसली. वर गुरुजी, खाली ही, हिच्या लुगड्याला धरून तो. तुझं पोरगं मंद आहे, गुरं राखायला घाल, असं गुरुजी म्हणाले होते. ही अशीच गप्प राहिली होती, आणि मग म्हणाली होती, तुमी म्हणताल तसं, गुरुजी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याचं तोंड धुतलं, भांग पाडला आणि त्याच वर्गात नेऊन बसवलं. तिसऱ्या दिवशीही. गुरुजी थकेपर्यंत.

म्हणजे ते 'हो' नव्हतंच कधी. नागूचंही नव्हतं. मग आत्ता, आपल्याला हिच्याकडून मिळालं ते?... आणि अध्यक्षांना आपण दिलं ते—त्याच्या मागं दुसऱ्या दिवसाची सकाळ होती का कुठं? त्यानं शोधून पाहिलं. खिशात काटा अजून चालू होता. तो थांबवायचा राहिला, बूट काढायचे राहिले, आणि नरसिंग उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहून, आई वर बघेल म्हणून वाट पाहू लागला.