वन्संच्या पदरात

परदेशात, ओटाहुहूच्या दीड खोलीत सेमिसी आणि लेसिएली राहायला आले तेव्हा कपातला चहा ओठांपर्यंत येईतो निवायचा. नवराबायकोला एकाच वेळी इंटर्नशिप मिळाली होती, त्याला जमीन मोजणीच्या कचेरीत, तिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. एवढं नशीब आमच्या ववाऊ बेटावर कुणाचं उघडलं होतं? फक्त दीड वर्षाची सियाले मागे राहिली, सेमिसीच्या थोरल्या बहिणीकडे, विकाकडे. जम बसेपर्यंत.

जम बसवायला दोघांनी जिवाचं रान केलं. साहेबाला नुसत्या नावाने हाक मारताना सेमिसीच्या तोंडाला कोरड पडे. लेसिएली शनिवारच्या बाजारातून अळूची पानं आणायची, नारळाच्या दुधात खारं मांस घालून पानांत गुंडाळून शिजवायची, आणि रविवारी चर्चहून आल्यावर पहिल्याच घासाला लेकीची आठवण काढून रडायची. तो तिच्या पाठीवर हात ठेवायचा. फोनवर सियाले तुटक तुटक 'आई' म्हणायची, त्यावर तिचा आठवडा निघायचा.

वर्षभराने दोघं नोकरीत कायम झाले. दोन खोल्यांचं घर मिळालं, कोपऱ्यावरच पाळणाघर. लेसिएलीने व्हिडिओ कॉल लावून सांगितलं, की वन्सं, आता सियालेला न्यायला येतो.

विकाने सियालेला जवळ ओढलं. मग म्हणाली, "न्यायला? अगं, तूच दिलीस ना मला?"

दिली होती खरी. निघताना, चारचौघांत, 'वन्सं, ही तुमचीच लेक' असं लेसिएली म्हणाली होती. नणंदेला असं म्हणायचंच असतं, न म्हणणारी सून उद्धट ठरते. पण विकाची कूस उजवली नव्हती, आणि आमच्याकडे भावाच्या पोरांवर आत्याचा हक्क आईबापाच्या आधी. पोर पदरात घेतली म्हणून तिने डुक्कर भाजून सगळ्या गावाला जेवण घातलं होतं. त्याचे फोटो बघून हे दोघं खुळे लेकीच्या वाढदिवसाचं जेवण म्हणून हरखले होते.

लबाड म्हणावं तर विका तशीही नव्हती. तिच्या मांडीवर पोर गुबगुबीत झाली होती.

लेसिएलीने नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्या बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने त्याचा दंड धरून हलवला.

"बोल ना रे. एकदाच बोल. तुझीपण मुलगी आहे."

सेमिसीचे डोळे भरून आले होते. मान खाली घालून तो म्हणाला, "बरं, ताई."

त्या क्षणी लेसिएलीला तो नकोसा झाला, आणि त्याची कीवही आली. नवऱ्याने होकार दिल्यावर सुनेला तोंड उरत नाही.

विकाने डोळे पुसले. मग अगदी मायेने विचारलं, "पोर दोघींना आई म्हणते गं, गोंधळते. तुला काय म्हणायला शिकवू?"

लेसिएलीने सेमिसीचा दंड सोडला.

"मामी म्हणू दे," लेसिएली म्हणाली.

विकाने सियालेच्या कानात काहीतरी सांगितलं. पोर शहाणी, एका झटक्यात शिकली. फोनला तोंड लावून तिने हाक मारली, "मामी!"

लेसिएलीने ओ दिली.