खालची शिवण

गेल्या महिन्यात राजधानीहून टपाल खात्याचे तिघे जण आले. बूट चकचकीत, तोंडं गोड. म्हणाले, उस्ताद बेलिसारिओंचं कुलूप आम्ही काचेच्या कपाटात ठेवतोय, त्याच्याखाली त्या काळची एखादी थैली असली तर फार शोभेल. तुमच्याकडे आहे का बाई? त्यांच्या पत्नी ना तुम्ही?

पत्नी! बावीस वर्षं त्यांच्याच खात्याच्या थैल्या शिवल्या मी, या दोन हातांनी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, आहे की. आठ दिवसांनी या.

आमच्या लोहारगल्लीत बेलिसारिओ इयेस्काससारखा कुलूपवाला झाला नाही. हे मी आजही म्हणेन. माणूस कसा होता ते पुढे कळेलच, पण हात सोन्याचा होता. तेव्हा आमच्या गावाला रेल्वे नव्हती. टपाल खेचरांवरून घाट चढायचं, माथ्यावरच्या माळावर मुक्काम करायचं आणि तिसऱ्या दिवशी तांबो ब्लांकोला आगगाडीत पडायचं. गवती टोप्यांचे व्यापारी त्याच थैल्यांतून ग्वायाकील बंदराला पैसे पाठवायचे. थैलीला जुनं लोखंडी कुलूप. कुठल्याही खेचरवाल्याने खिळा घातला की उघडायचं. चोऱ्या इतक्या वाढल्या, की खात्याने जाहीर केलं: जो न फसणारं कुलूप करून देईल, त्याला सगळ्या देशाचं काम.

बेलिसारिओने त्यात दोन वर्षं घातली. जेवताना कुलूप, देवळात कुलूप. ताटातल्या उकडलेल्या मक्याच्या दाण्यांची चाकं मांडून बसायचा आणि जेवण गार व्हायचं. शेवटी जे बनवलं ते खरोखर बघण्यासारखं होतं. थैलीच्या तोंडाला सात कड्या, त्यांतून एक आगळ जायची आणि तिचं टोक कुलपात. कुलपाच्या पोटात आकड्यांचं चाक. चावी फिरवून कुलूप उघडलं की आकडा एकाने पुढे सरकायचा, आणि मागे तो कोणाच्या बापाला नेता यायचा नाही. इथून निघताना आकडा कागदावर लिहायचा, तिथे उघडण्याआधी ताडून बघायचा. जुळला म्हणजे वाटेत कोणी उघडलं नाही. चाव्या दोनच, एक इथे, एक तांबो ब्लांकोला.

ज्या दिवशी पूर्ण झालं त्या दिवशी त्याने अर्धी गल्ली स्वयंपाकघरात गोळा केली. थैलीत एक बटाटा घातला, कुलूप लावलं आणि म्हणाला, "काढा बघू हा बटाटा. काढेल त्याला माझी म्हैस!"

"तुझ्याकडे म्हैस कुठाय?" कोणीतरी ओरडलं.

"म्हणून तर पैज लावतोय!"

सगळ्यांनी खिळे घातले, तारा घातल्या. माझा धाकटा भाऊ इसाउरो घामाघूम झाला. शेवटी हात जोडून म्हणाला, "दाजी, हरलो. यात सैतानसुद्धा अडकेल."

मी चुलीशी होते. कॉफीचं पाणी ठेवलं होतं. ते उकळेपर्यंत मी थैली उलटी केली, आरीने खालची शिवण उसवली, बटाटा काढला आणि दाभणाने परत शिवून टाकली. थैली त्याच्यासमोर ठेवली आणि बटाटा त्याच्या मांडीवर.

काय हशा पिकला म्हणून सांगू! इसाउरो तर जमिनीवर लोळला. एकटा बेलिसारिओ हसला नाही. सगळे गेल्यावर म्हणाला, "हे परत कोणाला दाखवायचं नाही, सोइला."

"अहो, मी दाखवलं नाही तर चोर शिकणार नाहीत का? तळाला लोखंडी पट्टी मारा आणि रिबिटा ठोका. झालं."

"मारीन. आधी मंजूर तर होऊ दे."

मंजूर झालं. चाळीस कुलपं पहिल्यांदा आमच्याच मार्गावर वापरायची, वर्षभर चोरी झाली नाही तर आणखी चारशेंचं काम. पट्टीचं विचारलं तर म्हणाला, खर्च वाढतो, आत्ता नको. पुढे मी विचारायची सोडली. चूक माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. बेलिसारिओ टपाल खात्याच्या कारखान्याचा मुख्य झाला, मी तिथेच थैल्या शिवायला लागले, आणि त्याच्या शब्दावर इसाउरोला तांबो ब्लांकोची चावी मिळाली. चोवीस वर्षांचं पोर. टोपी घालून आरशासमोर किती वेळ उभं राहिलं! तारसिला नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, तिच्या बापाने लगेच तारीख काढली.

दहा महिने नीट गेले. अकराव्या महिन्यात सतरा नंबरच्या थैलीतून व्यापाऱ्यांची तीन जोखमीची पाकिटं गेली. कुलूप ठणठणीत, आकडा जुळलेला.

आता बघा हं. आकडा जुळला म्हणजे वाटेत कोणी उघडलं नाही. मग पहिल्यांदा उघडलं कोणी? ज्याच्याकडे चावी होती त्याने. जुनं खिळ्याचं कुलूप असतं तर दहा खेचरवाल्यांवर संशय गेला असता आणि कोणीच अडकलं नसतं. माझ्या नवऱ्याने असं उत्तम कुलूप केलं होतं, की त्याने सरळ माझ्या भावाकडे बोट दाखवलं.

मला हे शुक्रवारी कळलं. इसाउरोला बुधवारीच पकडून आमच्या गावच्या तुरुंगात आणलं होतं. बेलिसारिओला तार सोमवारी आली होती. चार दिवस तो माझ्यासमोर बसून जेवला आणि बोलला नाही. "तुला त्रास नको म्हणून," म्हणाला.

मी डब्यात भाकरी आणि चीज घेऊन तुरुंगात धावले. मला वाटलं पोरगं रडत असेल. तर ते हसत होतं.

"ताई, तू कशाला रडतेस? मी थैली उलटी करून बघितली. तळाची शिवण तुझी नाहीये. तू मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्याने शिवतेस, तीही डाव्या हाताने, तुझे टाके सगळे डावीकडे पडतात. ती शिवण घायपाताच्या दोऱ्याची होती आणि टाके उजवीकडे. माळावरच्या मुक्कामात कोणीतरी उसवून परत शिवलंय. बटाट्यासारखं!"

"मग हे तू चौकशीच्या साहेबांना सांगितलंस का?"

"सांगितलं. पण साहेब यायच्या आधीच मी थैली दाजींकडे पाठवली होती, भरवशाच्या माणसाच्या हाती. निरोप दिला, खालची शिवण बघा आणि तशीच ठेवा. दाजींइतकं कोणाला कळतं त्यातलं? कोर्टात ती थैली ठेवली की संपलं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "थैली आली ना हो?"

"आली. कारखान्यात कुलपात आहे."

"शिवण बघितलीत?"

"कोर्टात बघतीलच सगळे," तो म्हणाला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठला.

मी त्या रविवारी मेणबत्ती लावली. नवऱ्यासाठी लावली मी, मूर्ख बाई! म्हटलं, याच्या कुलपाची अब्रू जाणार, तरी हा माझ्या भावासाठी उभा राहतोय.

कोर्टात सगळी लोहारगल्ली लोटली होती. सरकारी वकील कुलूप हातात घेऊन म्हणाला, "माणूस खोटं बोलेल, पण हे नाही बोलणार." मग इसाउरोने शिवणीचं सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, बघू थैली. शिपायाने ती टेबलावर उलटी केली आणि शिवणारी म्हणून मला पुढे बोलावलं.

मी वाकले. पांढरा दोरा, ताजं मेण. टाके सगळे डावीकडे.

माझे टाके.

क्षणभर काही कळेना. मग कळलं. त्या आठवड्यात, गुरुवारी, बेलिसारिओने माझ्यापुढे सहा थैल्या टाकल्या होत्या. "तळ झिजलेत, उसवून ठेवलेत मी, दुपारपर्यंत दे." थैली शिवतात ती आतली बाजू बाहेर काढून. नंबर बाहेरच्या बाजूला असतो, शिवणारीला तो दिसतच नाही. मी गाणं म्हणत शिवल्या होत्या त्या सहाही. गाणं म्हणत!

"ही शिवण माझीच आहे," मी म्हटलं, "पण आत्ताची आहे! चोरीनंतरची! यांनी माझ्याकडून शिवून घेतली!"

न्यायाधीशांनी बेलिसारिओकडे पाहिलं. तो उठला. स्वच्छ कोट, हातात टोपी. "जुनी शिवण हिचीच होती, साहेब. झिजली होती म्हणून मी दुरुस्तीला काढली. कारखान्याचा रिवाज आहे तो."

"बाई, तुम्ही दुसऱ्या कोणाची शिवण डोळ्यांनी पाहिलीत?"

"पाहिली असती तर—"

"पाहिलीत की नाही?"

"नाही."

"भावाची माया आहे, आम्ही समजू शकतो," न्यायाधीश म्हणाले आणि लोक हळहळले. त्यांची हळहळ मला थपडेसारखी लागली. मी आरडाओरडा करायला लागले तेव्हा इसाउरोच म्हणाला, "ताई, बस. दाजींची काहीतरी चूक झाली असेल." दाजी! तेव्हाही दाजीच!

तीन वर्षं दगड फोडायची शिक्षा झाली.

घरी मी भांडभांड भांडले. बेलिसारिओ एकच म्हणायचा, शिवण तुझीच होती, तुझा भाऊ पोरकट आहे, त्याला भास झाला. इतक्या ठामपणे म्हणायचा, की मलाच एकेकदा वाटायचं, झाला असेल का भास? हे कबूल करायची लाज वाटते, पण वाटायचं.

मग दोनेक आठवड्यांनी मी अंडी काढायला खुराड्याशी गेले. दार दोऱ्याने बांधलेलं. बेलिसारिओला खिळा फेकवायचा नाही की सुतळी फेकवायची नाही, सगळं खिशात भरून आणायचा. देशाला कुलपं देणाऱ्या माणसाच्या खुराड्याला कुलूप नव्हतं, दोरा होता. घायपाताचा. मी सोडून हातात घेतला तर सरळ होईना. बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक एक वळी पडलेली, अखेरपर्यंत. आणि प्रत्येक वळीशी थैलीच्या कातड्याचा तांबडा रंग लागलेला. जन्मभर शिवणी उसवल्यात मी. शिवणीतून निघालेला दोरा मला अंधारातही कळतो.

तो जेवत होता. मी दोरा ताटाशेजारी ठेवला.

त्याने बघितला. घास खाली ठेवला. खोटं बोलला नाही, एवढं म्हणायला हवं.

"चारशे कुलपं, सोइला. गल्लीतली बारा घरं त्यावर जेवणार आहेत. शिवण कोर्टात गेली असती तर कोणी कुलपाकडे बघितलंही नसतं. दोन वर्षं घातलीत मी त्यात. इसाउरो तरुण आहे. तीन वर्षं काय, बघता बघता जातील."

"मग तू जा ना तीन वर्षं."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला तू म्हटलं. पुढे मरेपर्यंत तूच म्हणत राहिले.

दोरा घेऊन मी कोर्टात गेले. कारकुनाने तो बोटाने उचलला. "दोरा आहे, बाई. माझ्या शेतावर घायपाताचं कुंपणच आहे. तुमच्या नवऱ्याला लिहून द्यायला सांगा, मग बघू." नवऱ्याने लिहून दिलं नाही. मी रडले, शिव्या दिल्या, त्याचं ताट अंगणात भिरकावलं. माहेरी जायला माहेर राहिलं नव्हतं, माहेर दगड फोडत होतं.

चारशेंचं काम मिळालं. पदक आलं. आणि दुसऱ्या वर्षी या माणसाने काय करावं? थैल्यांच्या तळाला लोखंडी पट्टी मारली, रिबिटा ठोकल्या आणि ती स्वतःची सुधारणा म्हणून राजधानीला पाठवली. त्याचं दुसरं पदक आलं. ते त्याने चुलीवरच्या भिंतीला लावलं, बरोबर जिथे मी बटाटा काढला होता तिथे. मी रोज त्याच्याखाली स्वयंपाक केला.

इसाउरो सुटून आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि तारसिलाला दोन मुलं झाली होती. तुरुंगात बेलिसारिओ दर महिन्याला त्याला तंबाखू पाठवायचा. पोराने येऊन त्याचे हात धरले आणि आभार मानले. मी तिथेच त्याला दोरा दाखवला.

तो बराच वेळ दोरा बोटांतून ओढत राहिला. तीन बोटांतून. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ताई, मग तू इथे राहतेस कशी?"

तो त्याच दिवशी खाली समुद्राकडे गेला. एकतीस वर्षं झाली, एक पत्र नाही. पत्र पाठवायचं म्हणजे पोस्टावर विश्वास पाहिजे, आणि घेणाऱ्यावरही.

तर खात्याच्या लोकांना थैली हवी होती. पहिल्या तऱ्हेची, बिनपट्टीची. ती कुठली राहायला? मी जुनं कातडं काढलं, भिजवलं, कापलं. बाजूच्या शिवणी पांढऱ्या दोऱ्याने घातल्या, माझ्या डाव्या हाताने. तळाला आल्यावर पेटीतून तो घायपाताचा दोरा काढला. दाभण उजव्या हातात घेतलं. सवय नाही, दोनदा बोटात घुसलं. पण टाके सगळे उजवीकडे पडले. दोरा बरोबर पुरला, पुरणारच होता.

आठ दिवसांनी ते कुलूप घेऊन आले. थैली बघून खूष झाले. त्यांच्यातल्या तरुण साहेबाने तोंडाच्या सातही कड्यांवरून हात फिरवला, आगळ घालून बघितली, कुलपाची चावी तीनदा फिरवली. मग आदराने मला विचारलं, "बाई, खरं सांगा, इतक्या वर्षांत हे कुलूप कोणी फोडलं का हो?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कुलूप कोणीच फोडलं नाही."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग थैली काखेत मारली आणि गाडीत नेऊन ठेवली. उलटी करून काही बघितली नाही.