पिवळी वायर

माझं डोकं तापलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साडूला तर चांगलंच ठाऊक होतं. तरी शोरूमच्या मालकाने आम्हा दोघांना माल विकायला एकाच भिंतीसमोर उभं केलं.

त्या भिंतीवर दोन टीव्ही. डावीकडे माझा एचडी डीव्हीडीचा प्लेयर, उजवीकडे साडूचा ब्लू-रे. दोन्हींवर दिवसभर तोच सिनेमा. एकाची डिस्क दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालत नाही, म्हणजे गिऱ्हाईक घेणार तर एकच. मालकाने बजावलं होतं, "महिनाअखेर ज्याची मशिनं कमी खपतील, त्याने घरी बसायचं."

बायकोला सातवा महिना. तिची थोरली बहीण, म्हणजे साडूची बायको, खालच्याच मजल्यावर राहायची. रोज वर येऊन हिचे पाय चेपायची. आणि आम्ही दोघे नवरे एकमेकांच्या पोटावर पाय द्यायला सज्ज!

माझं चित्र कायम पुसट. गिऱ्हाईक जरा बघायचं आणि उजवीकडे सरकायचं. मी घसा फोडून बोलायचो, पण डोळ्यांना दिसतंय त्यापुढे तोंडाची वाफ काय कामाची? मला वाटायचं, आपलं मशीनच फडतूस.

एका शनिवारी डिस्क आत अडकली. मशीन पुढे ओढून मागे हात घातला, तर हाताला पिवळी वायर लागली. जुन्या व्हिडिओला लावायचो तसली. तिच्यातून हाय डेफिनिशनचं लख्ख चित्र येतच नाही! साडूच्या मशीनला मात्र नवी, चपट्या तोंडाची वायर. मलाही सुरुवातीला तीच दिली होती.

"साडूभाऊ, ही करामत कोणाची?"

तो वळला, माझ्या हातातली वायर बघितली आणि मान खाली घातली. बस्स.

पहिल्याच ठोशाला त्याचा ओठ फाटला. गिऱ्हाइकं किंचाळत पळाली. मी कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. "माझ्या पोराच्या तोंडचा घास काढतोस? बोल!" मग त्याचंच मशीन उचललं आणि घातलं तोंडावर. कोपरा डोळ्यात घुसला. रक्त माझ्या शर्टावर, डिस्कच्या खोक्यांवर. तो गुडघ्यांवर बसला तरी मी लाथा हाणतच होतो. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू?

वॉचमनने मला मागून आवळलं तेव्हा मालक धावत आला. "अरे गाढवा, वायर मी बदलली! मला ब्लू-रेचा माल आधी काढायचा होता!"

माझी लाथ अर्ध्यावरच थांबली.

साडूचा डोळा गेला. मालकाला बोभाटा नको होता, त्याने हॉस्पिटलात 'पाय घसरून पडला' असं सांगितलं, म्हणून पोलीस आले नाहीत; नोकरी मात्र दोघांचीही गेली. हॉस्पिटलात थोरल्या ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोने मला साडूच्या खोलीत ढकललं. "पाय धरा त्यांचे. नाहीतर मला तोंड दाखवू नका."

मी खरंच पाय धरले. ढसाढसा रडलो. "साडूभाऊ, चुकलो. तुमचा काही दोष नव्हता हो."

त्याने पट्टी नसलेला डोळा उघडला. मग फाटक्या ओठांनी म्हणाला, "होता. मालक वायर बदलत होता तेव्हा बॅटरीचा उजेड मीच धरला होता. तुला सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

त्याचे पाय माझ्या हातातून सुटले. मूठ वळली, वर गेली. "नको!" दारातून बायको ओरडली.

साडूने उरलेल्या डोळ्याने माझ्या मुठीकडे बघितलं आणि तोंड बाजूला केलं नाही.